वेदीपासून विधिमंडळापर्यंत

१० जानेवारी २०२२. आयोवाच्या विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं आणि सिनेटचे अध्यक्ष जेक चॅपमन उद्घाटनाच्या भाषणाला उभे राहिले. शाळांच्या ग्रंथालयांत कोणती पुस्तकं असावीत यावरून राज्यात आधीच धुरळा उडालेला होता. चॅपमन यांनी थेट शिक्षकांवर आणि पत्रकारांवर बोट रोखलं. मुलांना बिघडवण्याचा यांचा कुटिल डाव आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. अश्लील ठरणारं पुस्तक मुलांच्या हाती देणाऱ्या शिक्षकावर फौजदारी गुन्हा दाखल व्हावा, ही मागणी ते काही महिन्यांपासून करत होते.

दहा महिन्यांनी, ८ नोव्हेंबरला, चॅपमन स्वतःच्याच मतदारसंघात हरले. त्या रात्री आयोवात त्यांच्या रिपब्लिकन पक्षाची लाट होती. सिनेटच्या ५० पैकी ३४ जागा पक्षाला मिळाल्या, पण त्या सिनेटचा अध्यक्ष घरी गेला. त्यांना हरवणाऱ्या सारा ट्रोन गॅरियट या ल्युथरन चर्चच्या दीक्षित पाळक. आपल्याकडचे ख्रिस्ती लोक ज्यांना आदराने ‘पाळकसाहेब’ म्हणतात, त्या पदावरची स्त्री. २०२० साली त्या पहिल्यांदा सिनेटवर आल्या तेव्हाही त्यांनी जिंकलेली जागा आधीच्या सिनेट अध्यक्षांनी सोडलेली होती. मतदारसंघांची फेररचना झाली आणि दुसऱ्या खेपेला गाठ चॅपमन यांच्याशी पडली.

या अंकासाठी संपादकांनी ‘शाळा कुणाची?’ हा विषय दिला, तेव्हा मला हीच लढत आठवली. अमेरिकेत धर्म आणि शाळा हे शब्द एकत्र आले की आपल्या डोळ्यांपुढे वर्गात बायबल लावू पाहणारे लोक येतात. इथे एक धर्मोपदेशक सरकारी शाळेची बाजू घेऊन मतं मागत होती आणि लोक तिला मतं देत होते. माझी भाची डे मॉइनच्या पश्चिमेला, वॉकी नावाच्या गावात राहते. तिची दोन्ही मुलं सरकारी शाळेत जातात. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत तिच्याकडे मुक्काम ठोकला आणि हे सगळं जमिनीवर कसं चालतं ते बघत हिंडले.

नाण्यावरची शाळा

अमेरिकेने प्रत्येक राज्याच्या नावाने पाव डॉलरचं नाणं काढलं. आयोवाचं नाणं २००४ सालचं. त्यावर मक्याचं कणीस नाही की डुक्कर नाही, आणि ही तर या राज्याची दोन मोठी उत्पन्नं. नाण्यावर आहे एकखोली शाळा. बाहेर शिक्षिका आणि मुलं झाड लावताहेत. ग्रँट वुड या आयोवाच्याच चित्रकाराच्या चित्रावरून ते घेतलंय आणि शिक्षण हाच पाया, अशा अर्थाचे शब्द त्यावर कोरलेत.

या अभिमानाला आधार आहे. १८६७ साली, म्हणजे यादवी युद्ध संपून दोनच वर्षं झालेली असताना, मस्कॅटीन गावच्या सुझन क्लार्क या कृष्णवर्णीय मुलीला गावच्या शाळेने प्रवेश नाकारला. तिचे वडील अलेक्झांडर क्लार्क न्यायालयात गेले. १८६८ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रंगावरून वेगळी शाळा चालणार नाही, गावची शाळा सगळ्या मुलांची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला याच निष्कर्षाला यायला पुढे ८६ वर्षं लागली.

गावागावांत गेलं की शाळेचं वजन कळतं. वॉकीची गोष्ट वेगळी, तिथे दरवर्षी नवी घरं उठतात आणि शाळेच्या इमारती पुऱ्या पडत नाहीत. पण पश्चिमेला तासभर गाडी हाकली की गावं आकसत जातात. किराणा दुकान बंद, बँकेची शाखा बंद, चर्चमध्ये पाळक एक रविवार आड येतो. शाळा तेवढी उभी. शुक्रवारी रात्री तिच्या मैदानावर फुटबॉल, हिवाळ्यात जिममध्ये बास्केटबॉल आणि कुस्ती. गावात बर्फाचं वादळ झालं की आसरा तिथेच. गावातली सगळ्यात जास्त पगारी माणसं शाळेतच. राज्यात सुमारे सव्वातीनशे शाळा-जिल्हे उरलेत. दोन-दोन, तीन-तीन गावांच्या शाळा एकत्र करून जोडनावाचा एक जिल्हा बनतो. अशा नावाच्या पाट्या रस्त्यावर दिसत राहतात, आणि प्रत्येक जोडनावामागे बंद पडलेली एखादी इमारत असते.

साडेसात हजार डॉलरचा हिशेब

२०२३ साली अधिवेशन ९ जानेवारीला सुरू झालं. २४ जानेवारीला गव्हर्नर किम रेनॉल्ड्स यांनी व्हाउचरच्या कायद्यावर सही केली. दोन आठवडे आणि वर एक दिवस. इतक्या मोठ्या खर्चाचं विधेयक अर्थविषयक समित्यांना वळसा घालून सभागृहात आलं, प्रतिनिधीगृहात ५५ विरुद्ध ४५ मतांनी आणि मध्यरात्र उलटल्यावर सिनेटमध्ये ३१ विरुद्ध १८ मतांनी मंजूर झालं. सारा ट्रोन गॅरियट त्या अठरांमध्ये होत्या.

कायदा असा. सरकारी शाळेतल्या एका मुलामागे राज्य जेवढं अनुदान देतं तेवढी रक्कम खासगी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पालकांच्या खात्यात टाकायची. पहिल्या वर्षी ही रक्कम ७,६३५ डॉलर होती. पहिली दोन वर्षं आधीपासून खासगी शाळेत असलेल्यांना उत्पन्नाची अट होती. २०२५-२६ पासून तीही गेली. आता कोट्यधीशालाही हे पैसे मिळतात.

समर्थकांचं म्हणणं समजून घ्यायला हवं, ते पोकळ नाही. मुलगा कुठे शिकेल हे आईबापांनी ठरवावं, घराचा पत्ता त्यांच्या आड येऊ नये, असं गव्हर्नर म्हणतात. ईशान्येला ड्यूब्युकच्या कॅथलिक कुटुंबांनी आणि वायव्येच्या डच वस्तीतल्या रिफॉर्म्ड चर्चच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पदराला खार लावून आपल्या शाळा चालवल्या. आपण शाळेचा कर भरतो आणि वर फीही भरतो, ही त्यांची तक्रार जुनी आणि खरी आहे. कितीतरी धर्मगुरू या कायद्याच्या बाजूने उभे राहिले. पाळक म्हटला की सरकारी शाळेचा कैवारी, असं आयोवात मुळीच नाही.

पण पैसा कुठे गेला ते बघा. पहिल्या वर्षी जवळपास सतरा हजार मुलांना व्हाउचर मिळालं. त्यांतली दोनतृतीयांश मुलं आधीपासूनच खासगी शाळेत होती. सरकारी शाळा सोडून आलेली मुलं जेमतेम आठातलं एक. दुसऱ्या वर्षी आकडा अठ्ठावीस हजारांच्या घरात गेला. राज्याच्या ९९ पैकी चाळीसेक काउंट्यांत खासगी शाळाच नाही. तिथल्या शेतकऱ्याच्या कराचे पैसे दुसऱ्या काउंटीतल्या शाळेची फी भरतात. आणि खासगी शाळा मुलाला नाही म्हणू शकते. सरकारी शाळेला ती मुभा नाही. वर्षाच्या मधोमध आलेला, भाषा न येणारा, चाकाच्या खुर्चीतला, तीन शाळांतून काढलेला, कुणीही दारात आला तरी त्याला बाक द्यावाच लागतो.

एका छोट्या जिल्ह्याच्या शाळेतल्या हिशेबनीस बाईंनी मला वही उघडून समजावलं. वर्गात २२ मुलं. तीन गेली. त्या तिघांचं अनुदान गेलं, पण वर्ग तोच, शिक्षिका तीच, बॉयलर तोच आणि बसही तोच सत्तर किलोमीटरचा फेरा मारणार. खर्च तीन मुलांनी कमी होत नाही. मग संगीत शिकवणाऱ्या शिक्षकाला दोन शाळा वाटून देतात, ग्रंथपाल जाते, पुढच्या वर्षी पाचवी आणि सहावी एकत्र बसवतात. ते बघून आणखी दोन घरं मुलांना काढतात. बाई हे सगळं न चिडता सांगत होत्या. आपल्याकडे पट घसरणाऱ्या शाळेचे मुख्याध्यापक असंच सांगतात, अगदी याच क्रमाने.

पाळक उभी कशाला राहते?

ट्रोन गॅरियट यांनी आधी चर्चमध्ये पाळकाचं काम केलं. मग डे मॉइन परिसरातल्या सर्वधर्मीय परिषदेत आल्या. ही परिषद शहराच्या गरजूंसाठी धान्य-किराण्याची मोफत केंद्रं चालवते. तिथे वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांना एकमेकांशी जोडण्याचं काम त्यांच्याकडे होतं. अशा केंद्राच्या रांगेत उभं राहिलं की शाळेचा संबंध लगेच उलगडतो. शाळा चालू असते तेव्हा गरीब घरातल्या मुलाचं दुपारचं जेवण तिथे होतं, पुष्कळदा सकाळचं खाणंही. सुट्टी लागली की तो भार घरावर आणि घराकडून या केंद्रांवर येतो. २०२३ च्या डिसेंबरमध्ये आयोवा सरकारने अमेरिकेच्या केंद्र सरकारची एक योजना नाकारली. उन्हाळ्याच्या सुट्टीत गरीब मुलामागे महिन्याला ४० डॉलर देणारी ती योजना होती. खाली पोती उचलणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. पुढच्या जूनमध्ये रांग किती लांब होणार हे तो त्याच दिवशी सांगतो.

मला वाटतं, पाळकाला निवडणुकीकडे ढकलणारी गोष्ट ही असते. रोज रांगेतल्या माणसांना पिशव्या द्यायच्या आणि रांग लांबवणारे निर्णय दोन मैलांवर होताना नुसते बघायचे, हे फार काळ जमत नाही. त्यातून एखादा प्रवचन देतो, एखादा मोर्चात जातो, आणि एखादी उमेदवारी अर्ज भरते.

हे करण्याची मुभा फार जुनी नाही. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांच्या पहिल्या घटनांनी धर्मगुरूंना विधिमंडळात बसायला बंदी केली होती. टेनेसी राज्यात ती १९७८ पर्यंत टिकली. चॅटनूगाचे बॅप्टिस्ट पाळक पॉल मॅकडॅनियल घटनापरिषदेच्या जागेसाठी उभे राहिले, विरोधी उमेदवार न्यायालयात गेली, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की धर्मगुरू आहे म्हणून माणसाचा निवडणूक लढवण्याचा हक्क हिरावता येत नाही. दुसरी भिंत मात्र राहिली. १९५४ च्या कायद्याप्रमाणे करमाफी घेणाऱ्या चर्चला कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. २०२५ च्या जुलैत तिथल्या कर खात्याने न्यायालयात या बाबतीत बरीच मवाळ भूमिका घेतली, पण सावध पाळक अजून ती रेघ पाळतात. उभं राहायचं ते नागरिक म्हणून. चर्चची यादी, चर्चचं सभागृह, रविवारचं व्यासपीठ यांतलं काहीही वापरायचं नाही. धर्माने दिलेला आवाज सोबत न्यायचा आणि धर्माने दिलेली जागा मागे सोडायची, ही कसरत सोपी नसते.

टेक्ससमध्ये हरलेली बाजू

आयोवाच्या दक्षिणेला टेक्ससमध्ये हीच लढाई दहापट मोठी झाली. २०१३ साली फोर्ट वर्थचे बॅप्टिस्ट पाळक चार्ल्स फॉस्टर जॉन्सन यांनी पाळकांची एक संघटना उभी केली, ‘पास्टर्स फॉर टेक्सस चिल्ड्रन’. काम दोन पदरी. पाळकाने आपल्या गावच्या शाळेत जायचं, मुलांना वाचून दाखवायचं, शिक्षकांना काय हवं ते विचारायचं. आणि व्हाउचरचं विधेयक आलं की आपल्या आमदाराला फोन करायचा. खेड्यातल्या रिपब्लिकन आमदाराला शिक्षकांच्या युनियनचा फोन आला तर तो उचलेलच असं नाही. ज्या चर्चमध्ये तो दर रविवारी बसतो तिथल्या पाळकाचा फोन आला तर उचलावाच लागतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये २१ रिपब्लिकन आमदारांनी विरोधकांशी हात मिळवून व्हाउचर बाहेर काढलं, त्यामागे अशा फोनांचाही वाटा होता.

पुढच्या वसंतात गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी या बंडखोरांविरुद्ध पक्षांतर्गत निवडणुकीत आपले उमेदवार उतरवले. पेनसिल्व्हेनियातल्या एका अब्जाधीशाने त्यांना साठ लाख डॉलरची देणगी दिली होती. बरेच बंडखोर पडले. १७ एप्रिल २०२५ ला तेच सभागृह ८६ विरुद्ध ६१ मतांनी व्हाउचरच्या बाजूने गेलं, विरोधात उरले फक्त दोन रिपब्लिकन. मे महिन्यात कायदा झाला, शंभर कोटी डॉलरचा. आयोवातही आधी असंच घडलं होतं. २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या शिक्षण समितीचे अध्यक्ष असलेले आमदार व्हाउचरला आडवे आले, म्हणून गव्हर्नरनी त्यांच्याविरुद्ध दुसऱ्या उमेदवाराला पाठिंबा दिला आणि ते हरले.

याचा अर्थ मला असा लागतो. पाळकाच्या फोनला वजन आहे, पण फोन घेणारा माणूसच बदलून टाकला तर त्या वजनाचा उपयोग संपतो. म्हणून काही जणांना वाटू लागलं की फोन करत बसण्यापेक्षा आपणच त्या खुर्चीवर बसलेलं बरं.

टेक्ससच्या विधिमंडळातले जेम्स टालारिको हे त्यांतलं सर्वांत गाजलेलं नाव. ते पाळक नाहीत. सॅन अँटोनियोच्या गरीब वस्तीत त्यांनी सहावीच्या मुलांना शिकवलं, २०१८ मध्ये आमदार झाले आणि आमदारकी सांभाळत ऑस्टिनच्या प्रेस्बिटेरियन धर्मविद्यालयात शिकायला लागले. प्रत्येक वर्गात दहा आज्ञांचा तक्ता लावण्याचं विधेयक आलं, तेव्हा त्यांनी ख्रिस्ती म्हणूनच त्याला विरोध केला. शेजारच्या बाकावरच्या हिंदू, मुस्लिम किंवा नास्तिक मुलाला परकं वाटेल अशी गोष्ट करणं त्यांना ख्रिस्ताच्या शिकवणीविरुद्ध वाटतं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी अमेरिकेच्या सिनेटसाठी उमेदवारी जाहीर केली.

जुनी वाट

हे लोक नवीन वाट पाडताहेत असं समजू नये. केंटकीचे प्रेस्बिटेरियन पाळक रॉबर्ट ब्रेकिनरिज १८४७ मध्ये राज्याचे शिक्षण अधीक्षक झाले. शाळांसाठी राखलेला पैसा भलतीकडेच वळत होता. तो त्यांनी भांडून परत आणला. १८५१ मध्ये हे पद लोकांनी निवडून द्यायचं झालं, तेव्हा ते निवडणुकीला उभे राहिले आणि जिंकले. त्यांच्या काळात केंटकीत शाळेत जाणारी मुलं दहातल्या एकावरून दहातल्या नऊपर्यंत गेल्याचं सांगतात. यादवी युद्धानंतर फ्लोरिडात जोनाथन गिब्ज हे कृष्णवर्णीय प्रेस्बिटेरियन पाळक आधी राज्याचे सचिव आणि मग शिक्षण अधीक्षक होते. दक्षिणेतल्या राज्यांमध्ये सरकारी शाळांची व्यवस्था पहिल्यांदा खरी उभी राहिली ती या थोड्या वर्षांत. नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी आणि त्यांच्या चर्चमधून आलेल्या प्रतिनिधींनी ती उभी केली. तिचा फायदा गोऱ्या गरिबांच्या मुलांनाही झाला.

दारावरची चिठ्ठी

डे मॉइनचं विधानभवन टेकडीवर आहे, मधला मोठा घुमट सोन्याने मढवलेला. आत शिरायला ओळखपत्र लागत नाही, सुरक्षा तपासणी झाली की मोकळे. मला सगळ्यात आवडली ती सभागृहाच्या दारावरची पद्धत. आयोवाच्या साध्या आमदाराला स्वतःचं दालन नसतं. सभागृहातलं बाक हेच त्याचं कार्यालय. तिथेच त्याच्या फायली, तिथेच डबा. पगार वर्षाला २५ हजार डॉलर, म्हणून बहुतेकांचा दुसरा काही उद्योग असतो. कुणी शेतकरी, कुणी विमा एजंट, कुणी पाळक. तुम्हाला आमदार भेटायला हवा असेल तर दारावरच्या द्वारपालाकडून एक छोटी चिठ्ठी घ्यायची. त्यावर नाव, गाव आणि कशासाठी भेटायचंय ते लिहायचं. द्वारपाल चिठ्ठी आत नेऊन बाकावर ठेवतो. आमदार बाहेर येतो, किंवा येत नाही.

मी तिथे उभी होते तेव्हा एक आई आली. सोबत आठ-नऊ वर्षांचा मुलगा, कानाला यंत्र. तिने चिठ्ठी भिंतीला टेकवून लिहिली, लिहिताना दोनदा खोडली, तिसऱ्यांदा नवा कागद मागितला. तिचं काम विशेष गरजांच्या मुलांना शिकवणाऱ्या विभागीय केंद्रांबद्दल होतं. वाचा-उपचार, श्रवण-तपासणी, मानसशास्त्रज्ञ, हे सगळं लहान शाळेला स्वतःच्या बळावर परवडत नाही. म्हणून १९७० च्या दशकात आयोवाने अशी विभागीय केंद्रं काढली. २०२४ च्या कायद्याने त्यांच्या पैशांची आणि कारभाराची घडी मोडली. आमदार बाहेर आले. पाच मिनिटं उभ्या उभ्या बोलणं झालं. मुलाने त्यांना आपल्या यंत्राचा रंग दाखवला. आमदारांचं मत बदललं की नाही हे मला कळायला मार्ग नाही. पण तिला अपॉइंटमेंट लागली नाही, कुणा कार्यकर्त्याची ओळख लागली नाही, आणि पाच मिनिटं तिचं ऐकून घेतलं गेलं.

दुसरी जागा शनिवारची. अधिवेशन चालू असताना शनिवारी सकाळी गावोगावच्या ग्रंथालयांत किंवा कॉफीच्या दुकानात आमदार बसतात आणि लोक प्रश्न विचारतात. प्रश्न कार्डावर लिहून द्यायचे, सूत्रसंचालक ते वाचून दाखवतो. मी गेले त्या सभेत खुर्च्या संपल्या, लोक पुस्तकांच्या मांडण्यांमध्ये उभे होते. निवृत्त शिक्षिका पुष्कळ. एकीने विचारलं की खासगी शाळांना सरकारचा पैसा मिळतो तर हिशेबही द्यावा लागेल की नाही. सत्ताधारी आमदार म्हणाले, पालकांना शाळा पटली नाही तर ते मूल काढतात, हाच हिशेब. त्यावर सभेत जे हुंकार उठले त्यांत दोन्ही बाजूंचे होते. कुणी आवाज चढवला नाही.

अशा मतदारसंघात जिंकायचं तर दारोदार जावं लागतं. दुसरा इलाज नाही. ट्रोन गॅरियट त्यासाठी प्रसिद्ध आहेत. विरोधी पक्षाचा फलक लावलेल्या अंगणातही त्या बेल वाजवतात. पाळकाला हे जमतं कारण नोकरीतच सवय झालेली असते. परक्या घरात जायचं, दुखणं असेल तिथे बसायचं, वाद न घालता ऐकायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पुन्हा निवडून आल्या त्या तीसच्या आसपास मतांच्या फरकाने, फेरमोजणीनंतर. एवढी मतं म्हणजे एका गल्लीतली घरं. २०२५ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या काँग्रेससाठी उमेदवारी जाहीर केली.

शाळांचं त्यामुळे काय झालं, हा प्रश्न कुणीही विचारेल. व्हाउचरचा कायदा झालाच. विभागीय केंद्रांचाही झाला. अल्पमतातला आमदार कायदा रोखू शकत नाही, तो प्रश्न नोंदीवर आणतो, उपसमितीत लोकांना बोलायला लावतो आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत विषय जिवंत ठेवतो. हे कमी आहे हे मान्य. पण शिक्षकांना खलनायक ठरवणारी भाषा करून निवडून येता येतं, ही समजूत एका मतदारसंघात तरी मोडली. तिथल्या शिक्षकांच्या बोलण्यातून ते मला जाणवलं.

आपल्या बाजूला

वॉकीत मराठी घरं बरीच. विमा कंपन्यांत, बँकांत, संगणकात काम करणारी. माझी भाची सांगते, इथे घर घेताना सगळ्यांनी आधी शाळा-जिल्हा बघितला. तिचा मुलगा तिसरीत आहे. त्याच्या वर्गात मेक्सिकोतून आलेली, बोस्नियातून आलेली, शेतावरून बसने येणारी मुलं आहेत. मी तिला विचारलं, तुम्ही शाळा-मंडळाच्या निवडणुकीत मत देता का? ती नागरिक होऊन दोन वर्षं झाली होती. “नाही गं मावशी, ती कधी असते तेच कळत नाही,” ती म्हणाली. आयोवात शाळेची इमारत बांधायला कर्जरोखे काढायचे तर साध्या बहुमताने भागत नाही, ६० टक्के मतं लागतात. तिच्यासारख्या शंभर घरांनी मत दिलं की नाही, यावर इमारत उभी राहते किंवा राहत नाही. पुढच्या वेळी ती जाणार आहे. तिच्या मैत्रिणींनाही नेणार आहे.

पाळक आणि शाळा हे नातं महाराष्ट्राला नवं नाही. सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या बाई १८२७ मध्ये मुंबईला आल्या, पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले आपल्या मित्राबरोबर त्या शाळा बघून आले आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली. जोतीराव मिशनच्या शाळेत शिकले, पण त्यांनी मागणी केली ती सरकारकडे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी मांडलं की प्राथमिक शिक्षण सगळ्यांना सक्तीचं करा. कुणाच्या तरी दयेवर चालणारी शाळा आणि सगळ्यांच्या कराची, सगळ्यांच्या हक्काची शाळा यांतला फरक त्यांना तेव्हाच कळला होता.

आपल्याकडे व्हाउचर या नावाने काही नाही, पण वाद ओळखीचा आहे. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित मुलांसाठी राखल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. दुसरीकडे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचं घोंगडं भिजत पडलंय. आणि एक गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते. विधान परिषदेत शिक्षकांचे सात आमदार असतात, पण त्या मतदारसंघात मत देण्याचा हक्क माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना तिथे मतच नाही. ज्या शाळेवर सगळ्यात जास्त गरीब मुलं अवलंबून, तिचा विधिमंडळात हक्काचा प्रतिनिधी नाही.

राहते जिल्हा परिषद. २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. निवडणुका घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. शाळेच्या खोल्या, पाण्याची टाकी, रिकामी शिक्षकपदं, पोषण आहार हे सगळं ज्या समितीपुढे येतं, तिचा सभापती या निवडणुकीतून ठरतो. मत मागायला उमेदवार दारात आला की त्याला विचारा, आपल्या गावच्या शाळेचा पट किती, शिक्षक किती आणि तू शेवटचा त्या शाळेत कधी गेला होतास? आणि शाळा व्यवस्थापन समितीत पालकांच्या तीनचतुर्थांश जागा कायद्याने राखलेल्या आहेत. तुमचं मूल त्या शाळेत असेल तर पुढच्या बैठकीला जा.